मला पण घ्या ना

दोन कप्तान समोरासमोर उभे राहून एकेक भिडू मागायला लागतात, तेव्हा मैदानाच्या कडेला काय चाललंय ते बघण्यासारखं असतं. पहिली चार-पाच नावं पटापट जातात. मग रेंगाळायला होतं. उरलेल्यांपैकी एकजण खाली बसून बुटाची नाडी सोडतो आणि पुन्हा बांधतो. दुसरा भिंतीवर चेंडू आपटत राहतो. तिसरा मोठमोठ्यानं विनोद करतो. आपण वाट बघतोय हे कुणाला दिसू नये, एवढ्यासाठी तिघांचीही धडपड. शेवटी उरलेल्याला एखादा कप्तान म्हणतो, "बरं, तू ये इकडे." किंवा त्याहून वाईट, "ह्याला या वेळी तुम्ही घ्या, मागच्या वेळी आमच्याकडे होता."

मुलग्यांना कसं वाढवावं यावर सल्ले देणारे बहुतेक सगळे खेळाची शिफारस करतात. शिस्त लागते, आत्मविश्वास येतो, हार पचवता येते, हातातला फोन सुटतो. यात खोटं काहीच नाही. पण हे सगळं पुढचं. त्याआधी त्या मुलाला कुणीतरी खेळायला घ्यावं लागतं, आणि घेतल्यावर ठेवावं लागतं. एका मुलग्याची आई म्हणून इतकी वर्षं मैदानाच्या पायऱ्यांवर बसून माझं मत असं झालंय, की खेळानं मुलगा घडतो की बिघडतो हे त्याच्या कौशल्यावर फारसं ठरत नाही. संघातली त्याची जागा पक्की आहे, की दर आठवड्याला त्याला ती नव्यानं कमवावी लागते, यावर ठरतं.

रॉय बाउमायस्टर आणि मार्क लिअरी या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये एक दीर्घ लेख लिहिला. माणसाला आपली माणसं लागतात ही हौस नाही, अन्नपाण्यासारखी गरज आहे, असं त्यांचं म्हणणं. ती भागायला दोन गोष्टी हव्यात: वरचेवर, कटकटीविना होणाऱ्या भेटीगाठी, आणि हे नातं टिकणार आहे, इथे कुणाला तरी माझी पर्वा आहे, ही खात्री. पहिली गोष्ट खेळ सहज देतो. आठवड्यातून तीनदा तीच पोरं, तोच घाम, तीच भांडणं. दुसरीपाशी घोडं अडतं. पुढच्या हंगामाची निवड झाली की मागच्या हंगामातला जिवलग अचानक 'ब' संघात असतो, आणि दोघांच्या सरावाच्या वेळाही बदललेल्या असतात.

मुलग्यांची मैत्री बाहेरून दगडासारखी कोरडी दिसते. मध्यंतरी एका सरावात एक पोरगा पळता पळता आडवा झाला, गुडघा चांगलाच सोलवटला. दुसरा जवळ गेला. "लागलं का रे?" वगैरे काही नाही. आपल्या बाटलीतलं पाणी त्यानं थेट जखमेवर ओतलं आणि म्हणाला, "मैदान खणायला आला होतास का?" दोघंही हसले. सराव संपल्यावर मात्र तो दुसरा दोन पिशव्या खांद्यावर टाकून लंगडणाऱ्याच्या चालीनं, त्याच्या शेजारून फाटकापर्यंत गेला. वाटेत दोघंही एक शब्द बोलले नाहीत. त्या दोघांना कुणी विचारलं असतं की तुम्हाला एकमेकांबद्दल काय वाटतं, तर "काय वाटायचंय?" असंच उत्तर आलं असतं.

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या नायोबी वे यांनी किशोरवयीन मुलग्यांशी वर्षानुवर्षं बोलून त्यांच्या मैत्रीचा अभ्यास केला आहे. वयाच्या सुरुवातीच्या टप्प्यावर, म्हणजे १३-१४च्या आसपास, ही मुलं जवळच्या मित्राबद्दल अगदी मोकळेपणानं, प्रेमानं बोलतात. मनातलं सांगायला कुणी नसेल तर वेड लागेल, असंही म्हणतात. पुढे तीच मुलं १६-१७ची झाली की त्यांचा सूर बदलतो. मित्र आहेत, पण तसे जवळचे नाहीत. तेवढा वेळ नसतो. कुणी बायकी म्हणेल, भलतंसलतं समजेल, याची धास्ती बसलेली असते. म्हणजे जवळीक या मुलांना येत नाही असं नाहीच. येत असलेली ती सोडून देतात, आणि आपण मोठी माणसं त्याला 'आता जरा समजूतदार झाला' असं म्हणतो.

अशा वयात खेळ मुलग्यांना एक सोय करून देतो. गोल झाल्यावर मित्राला मिठी मारली तर कुणी वळून बघत नाही. हरल्यावर एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून बसलं तरी चालतं. एरवी ज्या हातांना मित्राच्या पाठीवर जायलाही निमित्त लागतं, ते हात इथे दिवसभर पाठी थोपटत असतात. शिवाय नजरेला नजर द्यावी लागत नाही. दोघांची तोंडं चेंडूकडे असतात, आणि तसं उभं राहून पोरं काय काय बोलून जातात! घरी टेबलाशी बसवून "काय झालंय, सांग बरं" म्हटलं की तोंडाला कुलूप.

एकत्र अंग हलवण्यातच काहीतरी आहे, याला पुरावाही आहे. ऑक्सफर्डमध्ये विद्यापीठाच्या वल्हेकऱ्यांवर एक छोटासा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले. तेच वल्हेकरी, यंत्रावरची तीच मेहनत. एकदा एकेकट्यानं आणि एकदा सहा जणांनी एका लयीत. नंतर दंडावरचा रक्तदाबाचा पट्टा फुगवत नेऊन दुखणं कधी असह्य होतं ते मोजलं. व्यायामानंतर वेदना सोसायची ताकद वाढतेच, पण सहा जणांनी मिळून वल्ही मारल्यावर ती एकट्यापेक्षा कितीतरी जास्त वाढली होती. मेहनत सारखीच असताना. संशोधकांनी याचा संबंध एंडॉर्फिन्सशी, म्हणजे शरीरातच तयार होणाऱ्या वेदनाशामक रसायनांशी, जोडला. प्रयोगात माणसं फक्त बारा होती, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. पण सगळ्यांनी मिळून मैदानाला फेऱ्या मारताना पोरांच्या तोंडावर जे येतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वाचून नवल वाटणार नाही.

आता या नाण्याची दुसरी बाजू. तिच्याबद्दल खेळाचे भक्त फारसं बोलत नाहीत.

१९५४च्या उन्हाळ्यात मुझफर शरीफ या मानसशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, रॉबर्स केव्ह नावाच्या उद्यानात, २२ मुलग्यांचं शिबिर भरवलं. मुलं साधारण अकरा वर्षांची, चांगल्या घरची, आधी एकमेकांना न ओळखणारी. त्यांचे दोन गट केले आणि सुरुवातीला एका गटाला दुसऱ्याचा पत्ताच लागू दिला नाही. गटागटात छान दोस्ती जमली. एकानं स्वतःचं नाव 'ईगल्स' ठेवलं, दुसऱ्यानं 'रॅटलर्स'. मग त्यांच्यात बेसबॉल, रस्सीखेच वगैरे सामने लावले आणि जिंकणाऱ्यांना बक्षिसं जाहीर केली. बस्स. थोड्याच दिवसांत शिव्या सुरू झाल्या, एकमेकांचे झेंडे जाळले गेले, खोल्यांवर धाडी पडल्या. गोडीगुलाबीनं राहणारी हीच पोरं.

हा प्रयोग मानसशास्त्राच्या पुस्तकांमध्ये नेहमी भेटतो. कमी भेटतो तो त्याच्या आदल्या वर्षीचा, न्यूयॉर्क राज्यातला. १९५३ मध्ये शरीफनं असंच शिबिर घेतलं होतं, पण तिथे मुलांना आधी सगळ्यांना एकत्र राहू दिलं, ओळखी झाल्या, आणि नंतर गट पाडले. मग भांडणं लावायचे नाना प्रयत्न झाले. चोरून कपडे विस्कटून टाकायचे, सामान मोडायचं, म्हणजे संशय दुसऱ्या गटावर जाईल. पोरं काही बधली नाहीत. मोठी माणसंच काहीतरी करतायत, असा संशय त्यांना यायला लागला. शेवटी शरीफला ते शिबिर गुंडाळावं लागलं. मला या फसलेल्या प्रयोगाचं मोल यशस्वी प्रयोगाहून जास्त वाटतं. ज्याच्याशी आधी दोस्ती आहे, तो उद्या समोरच्या संघातून खेळला तरी शत्रू होत नाही. दोन क्लबांची पोरं महिन्यातून एकदा मिसळून, सरमिसळ संघ करून खेळली तर खर्च शून्य आणि फायदा पुष्कळ. किती प्रशिक्षक हे करतात? मी तरी फारसे पाहिले नाहीत.

ओक्लाहोमातली भांडणं शेवटी मिटली ती कशी, तेही सांगते. नुसतं एकत्र जेवायला बसवून काही झालं नाही, उलट अन्नाची फेकाफेकी झाली. पण शिबिराचं पाणी बंद पडलं, आणि ट्रक चालू होईना (दोन्ही अर्थात शरीफच्या मंडळींचेच उद्योग), तेव्हा सगळ्यांनी मिळून हात लावला. ट्रक ओढायला पोरांनी रस्सीखेचीचाच दोर आणला होता.

संघाची निष्ठा संघाच्या आतही नडते. 'आपल्यातला' म्हटला की त्यानं काहीही केलं तरी तोंड उघडायचं नाही, हा अलिखित नियम पोरं फार लवकर उचलतात. नव्या मुलाची बॅग लपवणं, कपडे बदलायच्या खोलीत कुणाच्या अंगावरून टिंगल करणं, मुलींबद्दल घाणेरडं बोलणं. एखाद्याला हे आवडत नसतं, पण तो हसतो, कारण न हसणारा पुढचा नंबर असतो. इथे आईबापांचा हात पोचत नाही. पोचतो तो प्रशिक्षकाचा. कॅलिफोर्नियात सॅक्रमेंटोच्या आसपासच्या १६ शाळांमध्ये एक प्रयोग झाला, २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. काही शाळांमधल्या प्रशिक्षकांनी हंगामभर दर आठवड्याला सरावाच्या आधी दहा-पंधरा मिनिटं मुलांशी मुलींच्या आदराबद्दल, जोरजबरदस्तीबद्दल गप्पा मारायच्या, एवढंच. त्या संघांमधली मुलं, कुणी मुलीशी वाईट वागताना दिसलं तर मध्ये पडायला जास्त तयार झाली. या धर्तीवर मुंबईत क्रिकेट प्रशिक्षकांना घेऊन 'परिवर्तन' नावाचा कार्यक्रमही झाला. भाषणबिषण नाही. ज्या माणसाच्या तोंडून "पाय हलव, पाय!" ऐकायची सवय आहे, त्याच्याच तोंडून हेही ऐकायचं.

आणि मग शरीर. १३ वर्षांच्या मुलग्यांचा संघ एका ओळीत उभा करून बघा. एकाला मिसरूड फुटलंय, आवाज घोगरा झालाय. त्याच्या शेजारचा अजून चौथीतला वाटतो. मुलग्यांमध्ये वयात येण्याची सुरुवात नवव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत कधीही होऊ शकते आणि तरीही सगळं ठीकच असतं. पण निवड करणाऱ्याला उंची दिसते, दम दिसतो, आणि तो मोठ्या शरीराला गुण देऊन मोकळा होतो. कॅनडात रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञाच्या बायकोच्या हातात आइस हॉकीच्या एका सामन्याचं माहितीपत्रक आलं. खेळाडूंच्या जन्मतारखा वाचता वाचता तिच्या लक्षात आलं की जानेवारी, फेब्रुवारी, मार्च यांचीच गर्दी आहे. तिथे वयोगटाची रेघ १ जानेवारीला ओढतात. जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठा, म्हणून तगडा. म्हणून आधी निवडला जातो, जास्त सराव मिळतो, आणि मग खरोखरच चांगला होतो. बार्न्सलींनी १९८५ मध्ये हे आकड्यांनिशी मांडलं. त्यानंतर कितीतरी खेळांत आणि देशांत हेच सापडलंय. इंग्लंडमधल्या काही फुटबॉल अकादम्यांनी यावर उपाय म्हणून अधूनमधून वयाऐवजी शरीराच्या वाढीनुसार गट पाडून सामने घेऊन पाहिले. चांगली कल्पना आहे. तोवर आपल्या डिसेंबरातल्या पोरांनी काय करायचं? स्वतःला 'कमी' समजून घरी बसायचं? बरीच बसतात.

नॉर्वेनं याचा विचार फार आधी केला. तिथल्या क्रीडा महासंघानं १९८७ मध्ये मुलांच्या खेळांसाठी नियम केले. अकराव्या वर्षापर्यंत निकालांच्या याद्या आणि गुणतक्ते नाहीत, आणि तेराव्या वर्षाआधी राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. स्पर्धेला मुलं जातात, जिंकतात, हरतात, पण कोण कितवा याचा कागद भिंतीवर लागत नाही. यावर नेहमीचा आक्षेप असा की अशानं पोरं मऊ होतील. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये साधारण ५४ लाख लोकसंख्येच्या या देशानं १६ सुवर्णपदकं घेतली, सगळ्यांपेक्षा जास्त. बर्फ आणि पैसा दोन्ही मुबलक असणाऱ्या देशाची ही कामगिरी आहे हे खरं, श्रेय नुसतं नियमांना देता येणार नाही. पण मऊ झाली म्हणायला जागा नाही.

मुलांना स्वतःला काय हवंय, हेही एकदा नीट विचारलं गेलं. अमांडा व्हिसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुटबॉल खेळणाऱ्या मुलामुलींना, त्यांच्या पालकांना आणि प्रशिक्षकांना विचारलं, खेळात मजा कशानं येते? ८१ गोष्टी निघाल्या. मुलांनी त्या महत्त्वानुसार लावल्या तेव्हा जिंकणं ४८वं आलं. वर होतं ते जीव तोडून खेळणं, संघातलं वातावरण, चांगला प्रशिक्षक. २०१४चं हे काम. रॉन स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांचं त्याहून जुनं. लहान मुलांच्या बेसबॉलच्या काही प्रशिक्षकांना त्यांनी थोडक्यात एवढंच शिकवलं की चांगल्या खेळाबरोबर प्रयत्नाचंही कौतुक करा, चूक झाली तर धीर देऊन सांगा, डाफरू नका. पुढच्या हंगामात त्यांच्या हाताखालची फक्त ५ टक्के मुलं खेळ सोडून गेली. न शिकवलेल्या प्रशिक्षकांची २६ टक्के गेली. दोन्हीकडच्या संघांच्या हारजितीत काही फरक नव्हता.

पालकांबद्दल मी थोडक्यात आटपते, कारण पायऱ्यांवर माझ्या आजूबाजूला तेच बसलेले असतात. कडेवरून ओरडणाऱ्या बापाकडे त्याचा मुलगा दर चुकीनंतर बघतो. आधी बापाकडे, मग चेंडूकडे. तेवढ्यात चेंडू गेलेला असतो.

रडण्याबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. सप्टेंबर २०२२ मध्ये लंडनला रॉजर फेडरर शेवटचा सामना खेळला, दुहेरीचा, राफाएल नदालला जोडीला घेऊन. हरले. नंतर दोघं बाकावर शेजारी बसून ढसाढसा रडत होते आणि एका क्षणी फेडररनं नदालचा हात धरला. तो फोटो जगभर फिरला. दोन माणसं, जन्मभर एकमेकांना हरवण्यासाठी घाम गाळलेली. माझ्या मुलानं तो फोनवर पाहिला, मग पुन्हा पाहिला, आणि म्हणाला, "आई, ह्यांना कुणी चिडवत नाही का?" मी म्हटलं, "तुला चिडवावंसं वाटतंय का?" त्यानं फोन खिशात घातला.

याउलट मुलग्यांना कायम सांगितली जाते ती विराट कोहलीची गोष्ट. डिसेंबर २००६, वय १८, रणजी सामना चालू असताना रात्री वडील गेले, आणि सकाळी हा मैदानावर येऊन ९० धावा करून मग अंत्यसंस्काराला गेला. 'बघ, असं असावं लागतं!' ही गोष्ट खरी आहे आणि तिच्यापुढे मान झुकतेच. फक्त तिचं पुढचं प्रकरण कुणी सांगत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये याच कोहलीनं उघडपणे सांगितलं, की दहा वर्षांत पहिल्यांदाच महिनाभर आपण बॅटला हात लावला नव्हता, अंगातला तो जोर आपण उसना आणत होतो, आणि मनानं खचलो होतो. पोरांना सांगायचीच असेल तर दोन्ही सांगा. २००६ एकट्याची सांगितली तर एवढंच शिकतील, की दुःख झालं की पॅड बांधायचे.

राहता राहिली खेळ न आवडणारी मुलं. ती असतात, पुष्कळ असतात, आणि त्यांच्यात बिघडलेलं काही नसतं. मघाशी सांगितलेलं जे काही खेळात घडतं, तेच नाटकाच्या तालमीत घडतं, वाद्यवृंदात घडतं, डोंगर चढणाऱ्यांच्या टोळक्यात घडतं. वेळ ठरलेली हवी, माणसं तीच हवीत, आणि हातांना मिळून करायला काहीतरी काम हवं. ज्याला चेंडूची भीती वाटते त्याला चेंडूपुढे उभं करून मर्द बनवायचा हट्ट धरणाऱ्यांशी मी हल्ली वादही घालत नाही.

आमच्याकडे प्रकार जरा मधलाच निघाला. या हंगामाच्या सुरुवातीला चिरंजीव म्हणाले, "मला सामने नकोत. सराव चालेल." मी विचारलं, म्हणजे काय? तर म्हणे सामन्याच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो, आणि सरावाला सगळे असतात, तेव्हा मजा येते. मी सरांना जाऊन भेटले. ते म्हणाले, "मॅडम, असं नसतं. सामने खेळायचेच नसतील तर सराव कशाला?" मी म्हटलं, "मित्रांसाठी." ते माझ्याकडे बघत राहिले. एरवी माणूस भला आहे, पण हे उत्तर त्यांच्या वहीत बसेना. जरा वेळानं मैदानाकडे नजर टाकून म्हणाले, "गोलमध्ये उभं राहायला मला सरावात कुणीतरी लागतंच. उभा राहील का?" राहतो. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, गुडघे फोडून घेत. रविवारी सामना असतो तेव्हा हा उशिरापर्यंत लोळतो, आणि उठल्या उठल्या आधी फोन हातात घेऊन कुणालातरी विचारतो, "काय रे, जिंकलो का आपण?"